बोंडाचा वास बाटलीत कसा येतो? फेणी, संत्रा आणि लिक्युअरची सोपी ओळख

गोव्यात पर्यटकांच्या वाटेवरच्या मद्याच्या दुकानात शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन बाटल्या बघा. दोन्हींवर काजूच्या बोंडाचं चित्र. एकीतलं मद्य पाण्यासारखं स्वच्छ. दुसरीतलं पिवळसर, थोडं दाट, बाटली कलंडली की काचेला चिकटत खाली उतरणारं. पहिली काजू फेणी, दुसरी काजूच्या चवीचं लिक्युअर. घेणाऱ्याला वाटतं, एकाच मालाचे हे दोन प्रकार. एक कडक, एक गोड. प्रत्यक्षात या दोन बाटल्यांत बोंडाचा वास अगदी वेगळ्या वाटांनी पोचलेला असतो, आणि ती वाट कळली की कुठल्याही मद्याचं लेबल वाचता येतं.

या वाटा तीन. पहिलीत फळच आंबवतात, आंबलेला रस भट्टीवर चढवून गाळतात, आणि फळाचा वास मद्यार्काबरोबर वाफेतून पलीकडे जातो. फेणी ही अशी. दुसरीत मद्यार्क कशाचा तरी आधीच तयार असतो, बहुतेक वेळा मळीचा किंवा धान्याचा, आणि त्याला नंतर वास दिला जातो. जिन, संत्र्याची व्होडका आणि आपल्याकडची 'देशी संत्रा' या वर्गातल्या. तिसरी वाट दुसरीच्या पुढची: वास दिलेल्या मद्यात भरपूर साखर घातली की ते लिक्युअर होतं.

सिंधुदुर्गात राहणाऱ्या माणसाला हे कळणं मला फार गरजेचं वाटतं. मार्च ते मे आपल्या काजूच्या बागांत बोंडांचा खच पडतो, बी काढून घेतली की बोंड झाडाखालीच कुजतं, आणि त्याच बोंडाचा वास बाटलीत भरून गोव्याच्या सीमेवरच्या पत्रादेवीच्या पलीकडे विकला जातो.

आधी फेणी

यीस्ट साखर खातं आणि मद्यार्क सोडतं. साधारण 17 ग्रॅम साखर खाल्ली गेली की एक लिटर रसात 1 टक्का मद्यार्क तयार होतो. बोंडाच्या रसात लिटरमागे शंभरेक ग्रॅम साखर असते असं धरलं, तर आंबून झाल्यावर हाती येतो जेमतेम 6 टक्के मद्यार्क. रस कितीही गोड असला तरी 15 टक्क्यांच्या आसपास बहुतेक यीस्ट स्वतःच तयार केलेल्या मद्यार्कात मरतं. त्यामुळे याहून कडक काही हवं असेल तर आग पेटवावीच लागते.

गोव्यातली पारंपरिक पद्धत अशी. झाडावरून आपोआप पडलेली, पूर्ण पिकलेली बोंडं गोळा करतात. बी पिळून काढतात. बोंडं खडकात कोरलेल्या उथळ कुंडात पायांनी तुडवतात. रस मातीच्या भांड्यांत दोन-तीन दिवस आंबतो. त्यात बाहेरून यीस्ट घालावं लागत नाही, बोंडाच्या सालीवरचं पुरतं. मग हा रस भाणात, म्हणजे गाळण्याच्या भांड्यात, घालून भट्टीवर चढवतात. वाफ नळीतून पाण्यात बुडवलेल्या दुसऱ्या भांड्यात जाते, थंड होते, थेंब थेंब जमते. पहिल्या गाळणीतून मिळतो तो हुर्राक, सुमारे 15 टक्क्यांचा. तो टिकत नाही, म्हणून हंगामातच पितात. हुर्राकात आंबलेला ताजा रस मिसळून पुन्हा गाळलं की फेणी, 42 ते 45 टक्क्यांची.

आता वासाचा मुद्दा. शुद्ध मद्यार्क 78 अंशांवर उकळतो, पाणी 100 वर. पण दोन्ही मिसळलेले असताना असा स्वच्छ काटा पडत नाही. मिश्रण मधल्याच कुठल्यातरी तापमानाला उकळतं आणि वाफेत रसातल्यापेक्षा जास्त प्रमाणात मद्यार्क, पाणी, आणि त्यांच्यासोबत बोंडाच्या रसातले शेकडो वासाचे रेणू असं सगळं एकत्र निघतं. साधं भाण या गोष्टी नीट वेगळ्या करू शकत नाही. कारखान्यातले उंच स्तंभ हे काम फार चोख करतात. तिथे वाफ पुन्हा पुन्हा थंड होते, पुन्हा उकळते, आणि वरून 96 टक्क्यांचा मद्यार्क निघतो. त्याला उगमाचा कसलाही वास नसतो. तो उसाच्या मळीचा होता, मक्याचा होता की बोंडाचा, नाकाला कळत नाही.

म्हणजे फेणीचा वास टिकतो तो भट्टी अर्धवट काम करते म्हणून. काही लोक फेणीच्या वासाला 'अशुद्धी' म्हणतात. त्यांनी हे लक्षात घ्यावं की कोन्याक, रम, माल्ट व्हिस्की या सगळ्यांचा वासही याच अर्धवटपणाची देणगी आहे. सगळं शुद्ध करत गेलं तर जगात एकच मद्य उरेल, व्होडका.

माडाची फेणी या बाबतीत डोळे उघडते. दक्षिण गोव्यात माडाच्या पोयीतून काढलेला सूर, म्हणजे आपल्याकडची माडी, गाळून ती करतात. तिला खोबऱ्याचा वास अजिबात येत नाही. येणार कुठून? भट्टीत गेला तो पोयीतला गोड रस, खोबरं गेलंच नाही. याउलट मालिबू नावाची 21 टक्क्यांची बाटली उघडली की घरभर खोबरं, कारण ती कॅरिबियन रमला नारळाचा वास आणि साखर लावून केलेली. माडापासून झालेल्या मद्याला नारळाचा वास नाही आणि उसापासून झालेल्याला आहे. दोन वाटांमधला फरक यापेक्षा सोप्या उदाहरणाने मला सांगता येणार नाही.

वास लावलेली मद्यं

या वर्गाची सुरुवात त्या 96 टक्क्यांच्या बिनवासाच्या मद्यार्कापासून होते. उद्योगात त्याला एक्स्ट्रा न्यूट्रल अल्कोहोल किंवा नुसतं ईएनए म्हणतात. आपल्या देशात तो प्रामुख्याने उसाच्या मळीपासून आणि धान्यापासून बनतो. त्यात पाणी घालून ताकद उतरवायची आणि वास लावायचा.

ताकदीचा आकडा भारतीय बाटल्यांवर वारंवार एकच दिसतो: 42.8 टक्के. तो विचित्र वाटतो, पण ब्रिटिशांच्या जुन्या मोजणीत 57.1 टक्के मद्यार्काला 'प्रूफ' म्हणत. त्याहून 25 टक्के खाली उतरलं की 42.8. बाटलीवर कुठेतरी '25 यू.पी.' (अंडर प्रूफ) असं छापलेलं असतं ते हेच. मोजणीची ती पद्धत ब्रिटननेही सोडली, पण आकडा आपल्या लेबलांवर राहिला.

वास लावण्याच्या पद्धती तीन-चार आहेत आणि किंमतीतला फरक बराचसा त्यातून येतो. सर्वांत स्वस्त म्हणजे इसेन्स मिसळणे. केळ्याचा वास बराचसा एकाच रेणूतून येतो, त्याचं नाव आयसोअमाइल असिटेट. तो कारखान्यात तयार करता येतो आणि चार थेंबांत पिंपभर मद्य 'केळ्याचं' होतं. पण खऱ्या पिकल्या केळ्यात त्या रेणूसोबत आणखी कितीतरी असतात, म्हणून इसेन्सचा वास ओळखू येतो पण पटत नाही. देशी दारूच्या दुकानातली संत्रा याच घराण्यातली: साधा मद्यार्क, संत्र्याचा वास, बाटलीवर संत्र्याचं चित्र. 'फ्लेवर्ड' मद्य ही विदेशी चैन आहे असं मानणाऱ्यांना सांगायला हवं की महाराष्ट्रातल्या कष्टकऱ्यांनी ती पिढ्यानपिढ्या प्यायली आहे.

दुसरी पद्धत मुरवण्याची: साल, मूळ, बी, पान मद्यार्कात भिजत ठेवायचं. तिसरी, भिजवून झाल्यावर तेच पुन्हा भट्टीवर चढवायचं. जिन अशी बनते. ज्युनिपर नावाच्या झुडपाची फळं, धने, लिंबाची किंवा संत्र्याची साल असं मद्यार्कात भिजवून पुन्हा गाळलं जातं. कुठे कुठे हे साहित्य वाफेच्या वाटेवर जाळीत ठेवतात. रंग आणि कडवटपणा भाणातच राहतो, वास तेवढा पलीकडे जातो, म्हणून इतकं सगळं घालूनही जिन पाण्यासारखी स्वच्छ असते. युरोपात तिची किमान ताकद 37.5 टक्के ठरलेली आहे आणि मुख्य वास ज्युनिपरचाच हवा. ज्युनिपर कोकणात होत नाही, हिमालयात होतो. तरी देशातल्या नव्या जिनची लाट आली ती गोव्यातूनच: 2017 मध्ये ग्रेटर दॅन, 2018 मध्ये स्ट्रेंजर अँड सन्स.

गोव्यात घरगुती पातळीवर याहून जुनं काम चालत आलंय. दुकशिरी, म्हणजे आपल्याकडची अनंतमूळ किंवा उपळसरी, तिची मुळं फेणीत मुरवतात. मुळांना एक गोड, व्हॅनिलाच्या जवळ जाणारा वास असतो आणि फेणीचा उग्रपणा त्यात मवाळ होतो. इथे पाया पहिल्या वाटेचा आणि वरचा थर दुसऱ्या वाटेचा. मला हा प्रकार कुठल्याही परदेशी हर्बल मद्याइतका तोलामोलाचा वाटतो, आणि त्याला हवं तेवढं नाव मिळालेलं नाही याचं वाईट वाटतं.

लिक्युअर: साखर येते तेव्हा

मुरवणं म्हणजे काय हे कोकणातल्या माणसाला शिकवावं लागत नाही. अमृत कोकम करताना बरणीत कोकमाच्या ताज्या साली आणि साखर यांचे थर देतो आणि बरणी उन्हात ठेवतो. आग नाही, पाणी नाही. आठवड्याभरात साखर सालींमधला रस, आंबटपणा आणि रंग ओढून घेते आणि बरणीत दाट लाल सरबत जमतं. लिक्युअर जवळपास असंच होतं. फक्त ओढण्याचं काम तिथे मद्यार्क करतो आणि साखर मागाहून येते.

मद्यार्काची ओढ साखरेहून वेगळी आहे. त्याच्या रेणूचं एक टोक पाण्याशी जमवून घेतं, दुसरं तेलाशी. तिरफळाचा, संत्र्याच्या सालीचा, वेलदोड्याचा वास तेलात असतो; नुसतं पाणी तो फारसा काढू शकत नाही. कोकमाचा आंबटपणा आणि रंग पाण्यात उतरतो. तेल त्याला हात लावत नाही. मद्यार्क आणि पाण्याचं मिश्रण दोन्ही काढतं. त्यातही मात्रा बदलली की निकाल बदलतो. 60-70 टक्क्यांचं मद्य तेलं चटकन सोडवतं, म्हणून सालींसाठी ते बरं. 40 टक्क्यांच्या आसपास रंग, आम्ल आणि तुरटपणा जास्त उतरतो, म्हणून रसाळ फळांना ते चालतं.

साखर मात्र कडक मद्यार्कात जवळजवळ विरघळतच नाही. म्हणून क्रम ठरलेला: आधी कडक मद्यात मुरवायचं, गाळून घ्यायचं, आणि मग साखरेचा पाक थंड करून मिसळायचा. पाकातल्या पाण्याने ताकद उतरते. इटलीत लिंबाच्या सालीचं लिमोनचेल्लो करतात त्याचा हिशेब बघा. 60 टक्क्यांचं एक लिटर मद्य घेतलं तर त्यात 600 मिलिलिटर मद्यार्क आहे. अंतिम ताकद 25 टक्के हवी तर एकूण 2.4 लिटर व्हायला हवं, म्हणजे सुमारे 1.4 लिटर पाक.

पाक मिसळताना कधी कधी स्वच्छ पिवळं मद्य डोळ्यांदेखत दुधट होतं. काही बिघडलेलं नसतं. मद्यार्क कडक असताना सालीचं तेल त्यात विरघळून होतं. पाणी वाढलं, मद्यार्काची पकड सुटली आणि तेल अतिसूक्ष्म थेंबांच्या रूपात बाहेर आलं. हे थेंब प्रकाश विखुरतात म्हणून दुधट दिसतं. ग्रीसचं ऊझो आणि फ्रान्सचं पास्तिस पाणी घालताच पांढरं होतं त्याचं कारणही हेच. तिथलं तेल अ‍ॅनेथॉल, जे आपल्या बडीशेपेतही आहे.

गोडाचं किमान प्रमाण कायद्याने बांधलेलं आहे. युरोपीय संघाच्या नियमानुसार लिक्युअर म्हणवून घ्यायला, काही मोजके अपवाद सोडले तर, लिटरला किमान 100 ग्रॅम साखर आणि किमान 15 टक्के मद्यार्क हवा. नावात 'क्रेम द' असेल तर साखर 250 ग्रॅमपासून पुढे, आणि काळ्या करंटच्या 'क्रेम द कासिस'मध्ये 400 ग्रॅमपासून पुढे. या क्रेममध्ये दूध-सायीचा थेंब नसतो. दूध असलेला प्रकार निराळा. 1974 मध्ये आयर्लंडमधून बाजारात आलेलं बेलीज हे त्याचं प्रसिद्ध उदाहरण, 17 टक्क्यांचं. दुधाची साय आणि व्हिस्की एकत्र ठेवली तर थोड्या वेळात ती फुटायला हवी. तिथे सायीतली चरबी इतक्या बारीक कणांत फोडतात आणि दुधाच्या प्रथिनाचं असं आवरण देतात की कण एकमेकांना चिकटत नाहीत. कोकणातल्या आंबट फळांचं असं क्रीम करायचं तर हाच अडसर येणार, कारण आम्ल त्या प्रथिनालाच फाडतं.

साखर फक्त गोडी आणत नाही. ती मद्य दाट करते, त्यामुळे वासाचं तेल जिभेवर जास्त वेळ रेंगाळतं. ती कडू आणि जळजळीत चवी झाकते. औषधी मुळ्या, साली, पानं पोटात जावीत म्हणून युरोपातल्या मठांत याच गुणाचा उपयोग झाला. फ्रान्समधल्या कार्थुसियन साधूंचं शार्त्रूझ 130 वनस्पतींपासून बनतं. त्याची हिरवी बाटली 55 टक्क्यांची असते आणि कृती मोजक्या साधूंनाच ठाऊक असते. आपल्या आयुर्वेदातली आसवं-अरिष्टं याच गरजेतून आली, पण ती गाळलेली नसतात. द्राक्षासवातला मद्यार्क नुसत्या आंबण्यातून तयार होतो आणि म्हणून सौम्य राहतो.

आपल्या फळांचं काय होईल

हा भाग मला सगळ्यांत जिव्हाळ्याचा. वरची सूत्रं हाताशी ठेवून कोकणातल्या एकेका जिनसाकडे बघितलं की कोणाला कुठली वाट मानवेल हे बरंचसं आधीच सांगता येतं.

कोकमात साखर कमी, आंबटपणा प्रचंड. ते आंबवून गाळायला गेलं तर मद्यार्क फारसा मिळणार नाही आणि जो मिळेल त्यात कोकमाचं वैशिष्ट्य उरणार नाही, कारण आंबट चव आणि लाल रंग वाफेबरोबर जातच नाहीत, दोन्ही भाणात मागे राहतात. कोकमाला मुरवणंच योग्य. त्याचं लिक्युअर देखणं होईल यात शंका नाही. काळजी एकच: हा लाल रंग उजेडात आणि उष्णतेत फिका पडत जातो, म्हणून गडद काचेची बाटली आणि थंड जागा. युरोपात कमी साखरेच्या रासबेरीचं असंच करतात. फळ बिनवासाच्या मद्यार्कात मुरवून मग गाळतात, कारण आंबवून हाती काही लागत नाही.

हापूस सगळ्यांच्या मनात पहिला येतो आणि तोच सगळ्यांत अवघड आहे. त्याचा वास पुष्कळ हलक्या रेणूंनी बनलेला आहे, आणि रस शिजवला की तो आंबावडीच्या वासाकडे झुकतो. गरात पेक्टिन, म्हणजे जॅम-जेली घट्ट करणारा पदार्थ, भरपूर, आणि पेक्टिन मद्यार्कात पडलं की गोळा होऊन बसतं. म्हणून आमरसात थेट कडक मद्य ओतलं तर तळाशी जेलीसारख्या गुठळ्या दिसतात. त्या गाळून घ्याव्या लागतात किंवा पेक्टिन फोडणारं विकर आधी वापरावं लागतं. साल घालण्याचा मोह टाळावा. आंब्याच्या चिकाने ओठ उततात हे आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक असतं. बाजारातल्या आंब्याच्या मद्यांत इसेन्सचा वास इतका का जाणवतो, याचं उत्तर या अडचणींत आहे.

जांभळाचा रंग आणि तुरटपणा दोन्ही सालीत. जास्त दिवस मुरवलं की जीभ आखडते, म्हणून थोडे दिवस आणि बिया न फोडता. करवंदाचा चीक त्रास देतो, पूर्ण पिकलेलीच घ्यावीत. जायफळाची चव उत्तम उतरते, पण थोडंसंच घालायचं. जास्त जायफळ विषारी आहे आणि मद्यार्क त्यातलं सगळंच बाहेर काढतो. जायफळाच्या फळाचा बाहेरचा जाड गर बागांत पुष्कळदा फेकला जातो. त्याला जायफळाचाच सौम्य वास असतो, आणि लिक्युअरसाठी मला तो बीपेक्षा बरा वाटतो.

आणि तिरफळ. बांगड्याच्या तिखल्यात दोन तिरफळं ठेचून टाकली की सारं घर जागं होतं. लिंबाच्या सालीची आठवण देणारा वास आणि जिभेवर मुंग्या आणणारा झणका. वास तेलात आहे, म्हणून भिजवून पुन्हा गाळण्याच्या पद्धतीला, म्हणजे जिनच्या पद्धतीला, तो फार चांगला मानवेल. ओला हिरवा तिरफळ, बी काढून फक्त टरफल. कोकणचा म्हणावा असा एखादा वास बाटलीत भरायचा झाला, तर माझं मत हापूसला नाही, तिरफळाला.

बोंडाला मात्र पहिलीच वाट हवी. ते रसाळ आहे, साखर पुरेशी आहे, आंबायला आतुर असतं. घशात खवखव आणणारा तुरटपणा वाफेबरोबर येत नाही, तो मागे राहतो. वास येतो. फळाचा दोष भट्टीत सुटतो आणि गुण पलीकडे जातो, असं फळ विरळा.

गोड आहे म्हणून हलकं नाही

लिक्युअरची खरी जोखीम तिच्या गोडीत आहे. साखर जळजळ झाकते, म्हणून पिणाऱ्याला ताकद कळत नाही. हिशेब करून बघू. 42.8 टक्क्यांच्या 30 मिलिलिटर रममध्ये सुमारे 10 ग्रॅम मद्यार्क असतो. 20 टक्क्यांच्या लिक्युअरचा 60 मिलिलिटरचा छोटा ग्लास घेतला तर त्यातही साडेनऊ ग्रॅम. म्हणजे जवळजवळ तेवढाच. वर, लिटरला 250 ग्रॅम साखर असेल तर त्याच ग्लासात 15 ग्रॅम साखर, तीन चमचे. मधुमेह असलेल्या माणसाने 'मी फक्त गोड थोडंसं घेतो' असं म्हणणं म्हणून दुहेरी धोक्याचं. गर्भवतीने, गाडी चालवणाऱ्याने, यकृताचा त्रास असणाऱ्याने यातलं काहीच घेऊ नये. मद्यार्काची पूर्ण निर्धोक अशी मात्रा नसते, आणि हा लेख वाचून कोणी पिणं सुरू करावं असं मला अजिबात वाटत नाही.

दुसरा धोका मिथेनॉलचा. फळातल्या पेक्टिनपासून आंबताना थोडं मिथेनॉल तयार होतं, पण सामूहिक विषबाधेच्या मोठ्या घटना त्यातून घडत नाहीत. त्या घडतात कारखान्यात वापरायचं मिथेनॉल कोणीतरी स्वस्तात ताकद वाढवायला दारूत मिसळतो तेव्हा. 2015 च्या जूनमध्ये मुंबईत मालाडच्या मालवणी भागात अशा दारूने शंभरहून अधिक माणसं गेली. मिथेनॉल चवीला आणि वासाला मद्यार्काच्या इतकं जवळ असतं की ओळखू येत नाही. शरीरात त्याचं फॉर्मिक आम्ल होतं आणि ते आधी डोळ्यांची नस पकडतं. लक्षणं काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी दिसतात. पिऊन आल्यावर कोणाला धुरकट दिसू लागलं, पोटात कळा आल्या, श्वास जोरात चालू लागला तर झोपवून ठेवू नका, तत्काळ रुग्णालयात न्या. वेळेत पोचलं तर उपचार आहेत. बिनलेबलाच्या बाटलीत घातलेला सुंदर रंग आणि वास या विषाला झाकायला पुरेसा असतो.

कायदा आणि सीमा

घरी मद्य गाळणं, मग ते कितीही थोडं असो, परवान्याशिवाय गुन्हा आहे. आपल्याकडे त्यासाठी 1949 चा दारूबंदी कायदा आहे. गोव्यात हंगामात काजूच्या झोनचा, म्हणजे आखून दिलेल्या पट्ट्यांचा, लिलाव होतो आणि परवाना घेऊन भट्ट्या चालतात. तिथे मद्य विकत घेण्याचं वय 18, महाराष्ट्रात कडक मद्यासाठी 25. गोव्यातली बाटली परवान्याशिवाय इकडे आणता येत नाही. बांद्याजवळ इन्सुलीच्या नाक्यावर गाड्या तपासल्या जातात आणि 'घरच्यासाठी दोनच बाटल्या' हे कारण तिथे चालत नाही.

काजू फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि 2016 मध्ये गोवा सरकारने तिला वारशाचा दर्जा दिला. मानांकनाचा अर्थ असा की दोडामार्गच्या बागेतल्या बोंडांपासून, त्याच पद्धतीने, तितकंच चांगलं मद्य कोणी परवाना घेऊन काढलं तरी त्याला फेणी हे नाव लावता येणार नाही. हे मला अन्यायाचं वाटत नाही. नाव गोव्याने कमावलं आहे. आपल्याला आपलं नाव कमवावं लागेल.

त्यासाठी एक दार 2022 मध्ये किलकिलं झालं. काजूबोंडं आणि मोहाची फुलं यांपासून बनलेल्या मद्याला देशी दारूच्या खान्यातून काढून विदेशी मद्याच्या वर्गात घ्यायचं, असं राज्य मंत्रिमंडळाने ठरवलं. दुकान वेगळं, किंमत वेगळी, गिऱ्हाईक वेगळं, असा त्याचा व्यवहारी अर्थ. पण बोंड परवान्याची वाट बघत थांबत नाही. झाडावरून पडलं की दिवसाभरात ते आंबायला, फुटायला लागतं, ट्रकमध्ये घालून लांबच्या कारखान्यात नेण्याइतकं टिकत नाही. त्यामुळे मोठा एकच कारखाना इथे उपयोगाचा नाही. रस जवळ काढला जायला हवा, गावाच्या पातळीवर, सकाळी वेचलेल्या बोंडांचा संध्याकाळच्या आत. आणि गाळणी परवान्याच्या, तपासणीच्या, मिथेनॉल मोजणाऱ्या प्रयोगशाळेच्या टप्प्यात. बोंडाचं वजन बीच्या कितीतरी पट असतं. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने गेल्या कित्येक दशकांत काजूच्या ज्या जाती दिल्या त्यांनी बीचं उत्पन्न वाढवलं आणि बोंडांचा ढीगही. त्या ढिगासाठी गोळा करणारी माणसं गावात आहेत, कृती सीमेपलीकडच्या शेजाऱ्यांना ठाऊक आहे. गाव पातळीवरचा लहान भट्टीचा परवाना, ज्याचं शुल्क दहा-वीस बागायतदारांच्या गटाला परवडेल आणि जो जानेवारीत, हंगाम सुरू होण्याआधी हातात पडेल, तेवढा मिळायला हवा.